चौकटीत न बसलेली बॅग

मुंबई, निघताना

जबलपूरहून परत आल्यापासून मला भेटेल तो नातेवाईक एकच विचारतो, "काय रे, बॅगेचे पैसे मागितले म्हणून आत्या विमान सोडून घरी गेली, हे खरं का?" ही बातमी माझ्या आधी डोंबिवलीत पोहोचली होती. मी तर तिच्या शेजारीच उभा होतो. तरी मला नुसतं हो किंवा नाही म्हणता येत नाही. म्हणून सगळा प्रवास पहिल्यापासूनच लिहून काढतो.

कुमुदआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण, सत्तरी ओलांडलेली. लग्न होऊन जबलपूरला गेली आणि तिथलीच झाली. आतोबा तिथल्या फॅक्टरीत होते. ते आता नाहीत. एकुलता मुलगा निखिल कॅनडात. होळी झाल्यावर त्याचा फोन आला, "सुधीरदादा, आईचे गुडघे फार दुखतात. दोन महिने तुझ्याकडे राहू दे तिला, एखाद्या चांगल्या डॉक्टरला दाखव. तेवढ्यात मी घराला रंग काढून घेतो. तिकिटं इथून काढतो. तू फक्त जा आणि तिला घेऊन ये."

मी एका रंगांच्या कंपनीत विक्रीचं काम बघतो. मार्चअखेरीस आम्हाला रजा मागायची सोय नसते, पण साहेबांनी कशी कोण जाणे, दिली.

गोंधळाला सुरुवात मुंबईच्या विमानतळावरच झाली. माझी निळी चाकांची बॅग कंपनीच्या कामानं इतक्या वेळा विमानात बसली आहे की ती आपणहून वर चढेल असं मला वाटायचं. गेटवर विमान कंपनीच्या एका मुलानं मला बाजूला घेतलं आणि बॅगा मोजायच्या लोखंडी चौकटीकडे बोट दाखवलं. बॅग त्यात घातली. आत गेली, पण चाकं बाहेर राहिली.

"सर, चाकंही आत हवीत."

"चाकं बॅगेत धरतात?"

"हो सर. आणि तुमचं तिकीट फक्त हातातल्या बॅगेचं आहे. ही आता खाली सामानात टाकावी लागेल, त्याचा चार्ज पडेल."

असं काही तिकीट असतं हे मला तेव्हा कळलं. निखिलनं तिकडे बसून स्वस्तातलं बघून काढलं असणार. माझ्या पुढचा माणूस माझ्या बॅगेच्या दीडपट फुगलेली सॅक पाठीला लावून आरामात निघून गेला होता. मी त्याच्याकडे बोट केलं, तर मुलगा समजावणीच्या सुरात म्हणाला, "ती दबते ना सर."

मी माझी बॅग दाबून पाहिली. ती काही दबली नाही. मागच्या रांगेतल्या लोकांचे चेहरे बघून मी पैसे भरले. विमानात बसल्यावर डोक्यावरचा कप्पा उघडून पाहिला, तर तो अर्धा रिकामा होता. माझी बॅग गेली असती तर तो भरला असता, इतकंच. मग नियम कप्प्याचा होता, चाकांचा होता की तिकिटाचा? जबलपूर येईपर्यंत मी याच विचारात होतो.

जबलपूर, आत्याचं घर

आत्या राइट टाउनमध्ये राहते. घर जुनं, बैठं. पुढं जाळीचा व्हरांडा, मागं एक स्वतंत्र खोली आणि पेरूचं झाड. घरात मराठी चालते. पण आपली मराठी नव्हे. "आला का? बस. हात धू. मी पोहे करून राहिली," असं तिनं स्वागत केलं. पोह्यांवर इतकी शेव होती की खाली पोहे आहेत हे चमचा घातल्यावर कळलं.

तिच्या "चलो"नं मला पहिला दिवसभर पळवलं. ती बोलता बोलता "चलो" म्हणायची, आणि मी उठून चपला घालायचो. तिसऱ्यांदा मी दारात उभा राहिलो तेव्हा तिनं विचारलं, "काहून रे, सारखा कुठं जाऊन राहिला?" इकडे "चलो" म्हणजे "बरं, असू दे." निघायचं असलं की ती काहीच बोलत नाही, पदर खोचते आणि कुलूप शोधते.

संध्याकाळी शेजारच्या दुबेभाभी खोव्याची जलेबी घेऊन आल्या. मी आयुष्यात काळी जलेबी पाहिली नव्हती. दिसायला जळकी, चावल्यावर गुलाबजामसारखी, आणि पाक मात्र जिलबीचा. मी म्हटलं, "भाभी, हे नक्की काय आहे?" त्या म्हणाल्या, "भैया, पहले खा लो, बाद में समझना." मी चार खाल्ल्या, पण समजलं नाही.

दुबेभाभी आणि आत्या बराच वेळ व्हरांड्यात हळू आवाजात बोलत बसल्या होत्या. मी आत टीव्ही लावून बसलो होतो.

गोहलपूर

दुसऱ्या दिवशी आत्यानं कपाटावरून एक खाकी कॅनव्हासची बॅग काढली. आतोबा फॅक्टरीच्या कामाला बाहेरगावी जात तेव्हाची. चेन तुटलेली. "हीच नेते," म्हणाली. मी मुंबईचा प्रकार सांगितला, चौकटीचं माप फोनवर काढून दाखवलं. तिनं मान हलवली आणि मला ई-रिक्षात बसवून गोहलपूरला नेलं.

गोहलपूरच्या गल्ल्यांत दोन माणसं आमनेसामने आली तर एकाला दुकानात शिरावं लागतं. शिलाईयंत्रांचा खडखडाट, पत्रा ठोकल्याचा आवाज, बिर्याणीचा वास, मधूनच एखादी बकरी. रशीदभाई म्हणून एक बॅगा शिवणारे होते, ते आत्याला ओळखत होते. त्यांनी बॅग उलटी केली, झटकली आणि म्हणाले, "चेन तो डाल दूँगा माताजी. ऊपर से चार अंगुल बढ़ा भी दूँ? कपड़ा निकल आएगा."

"बढ़ा दो," आत्या म्हणाली.

"आत्या, वाढवू नकोस! तिथं मोजतात," मी म्हटलं, आणि रशीदभाईंना फोनवरचं माप दाखवलं.

त्यांनी फोनकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं. "भैया, कपड़े की बैग को कौन नापता है? दब जाती है."

मुंबईच्या मुलानंही हेच सांगितलं होतं. सॅक दबते. मग कॅनव्हासही दबेल. मी फोन खिशात ठेवला. बॅग वाढली. आत्या खूश होती आणि तिनं मला कोपऱ्यावरच्या गाडीवरचे मंगोडे खाऊ घातले. मुगाच्या डाळीची गरम भजी, वर हिरवी चटणी. आपल्याकडे मूगभजी मिळतात, पण अशी नाहीत. जीभ भाजली तरी मी थांबलो नाही.

रंगवाले

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या देवळात गेली होती. दारावर एक माणूस आला, बरोबर एक जोडपं. "मकान देखने आए हैं, निखिलजी से बात हुई है."

मला वाटलं, रंगवाले आले. माझा विषय! मी त्यांना उत्साहानं घर दाखवलं. बाहेरच्या भिंतीला ओल आहे, आधी ती बंद करा, मग हलका पिवळा द्या, व्हरांड्याला ऑइलपेंटच बरा, असं बरंच सांगितलं. तो माणूस हो हो करत होता. बरोबरची बाई स्वयंपाकघरात गेली, नळ सोडून पाहिला, पाणी दोन्ही वेळा येतं का विचारलं. रंगवाल्यांना दोन्ही वेळच्या पाण्याशी काय करायचंय, असं माझ्या मनात आलंच. तेवढ्यात ती म्हणाली, "माताजी का सामान कब तक खाली हो जाएगा?"

ते गेल्यावर मी निखिलला फोन लावला. तिकडे रात्र होती, तरी त्यानं लगेच उचलला.

"घर भाड्यानं देतोयस?"

तो म्हणाला, "दादा, ती बाथरूममध्ये दोनदा पडली. तुला सांगितलं तिनं? मलाही नाही सांगितलं. भाभींनी सांगितलं. मी इथं फोन वाजला की घाबरतो. आत्ता सांगितलं तर ती घर सोडणारच नाही. तुझ्याकडे रुळली की मी स्वतः सांगेन."

"आणि माझ्याकडे किती दिवस?"

"बघू ना दादा."

मला त्याचा राग यायला हवा होता. पण त्याचा आवाज ऐकून आला नाही. आत्याला सांगावं, असंही वाटलं. आणि ती खरोखर पुन्हा पडली तर, असंही वाटलं. ती देवळातून आली, मला प्रसाद दिला, "कोणी आलं होतं का?" विचारलं. मी म्हटलं, "रंगवाले." ती म्हणाली, "अच्छा," आणि आत गेली.

डुमना

निघायच्या दिवशी बॅग तिनं स्वतः भरली, मला हात लावू दिला नाही. माझी निळी बॅग मी तिच्याकडेच ठेवली आणि कपडे एका कापडी पिशवीत कोंबले; पुन्हा चाकांचा वाद नको. आत्यानं कुलूप लावलं, ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं. दुबेभाभींनी तिला मिठी मारली आणि दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. एरवी त्या दोघींना थांबवावं लागतं.

विमानतळाकडे जाणारा डुमन्याचा रस्ता जंगलातून जातो. झाडीत चितळं उभी होती. मी "आत्या, बघ, हरणं!" म्हणून ओरडलो. ती म्हणाली, "असतात," आणि मांडीवरच्या बॅगेवर हात ठेवून बसून राहिली.

गेटवर तीच लोखंडी चौकट. एक तरुण मुलगी उभी होती, नम्र, दमलेली. "मैम, बैग इसमें रख दीजिए."

रशीदभाईंनी वाढवलेली चार बोटं नेमकी वर राहिली. मी दाबलं. मुलीनंही मदत म्हणून दाबलं. कॅनव्हास दबतो हे खरं. पण आत जे होतं ते दबून दबून आधीच संपलेलं होतं.

"पेमेंट करना होगा सर, बैग नीचे चली जाएगी."

"करतो," मी म्हटलं. या वेळी वाद घालायचा नाही असं ठरवूनच आलो होतो. मी फोन काढला, त्यांचा चौकोन स्कॅन केला, आणि पडद्यावर एक गोल फिरू लागला. फिरतच राहिला.

"किती मागून राहिले?" आत्यानं विचारलं.

"राहू दे गं, मी भरतोय."

"थांब, थोडं काढून पाहते," असं म्हणत तिनं खुर्चीवर बॅग टेकवली आणि चेन उघडली. आधी निघाला एक मरून स्वेटर. मग एक लोकरी शाल. मग दुसरी शाल. पायमोजे. आतोबांची कानटोपी. आणि तळाशी घडी घालून घालून बसवलेली पातळ रजई. खुर्ची भरली तशी तिनं शेजारची खुर्ची घेतली. रांगेतले लोक बघत होते. बॅगेत उरल्या चार साड्या आणि औषधांचा डबा.

माझा गोल अजून फिरत होता. "आत्या, हे कशाला घेतलंस? ऊन पेटलंय बाहेर."

"मग कुठं ठेवू? घर देऊन राहिले ना भाड्यानं." ती शाल झटकून पुन्हा घडी घालत होती. "भाभीनं पहिल्याच दिवशी सांगितलं मला. परके लोक येतील, ते कोणाची रजई सांभाळून ठेवतात का?"

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. जलेबी खात होतो तेव्हाही, गोहलपूरलाही. माझं "रंगवाले" तिनं "अच्छा" म्हणून ऐकून घेतलं होतं. माझ्या तोंडून निघालं, "मग तू काही बोलली का नाहीस?"

"तू न्यायला आला होता ना. निखिलनं पाठवलं होतं. विचार केला, चलो."

हे "चलो" निघण्याचं होतं की असू देण्याचं, तेही मला कळलं नाही.

तिनं स्वेटर उचलून मांडीवर घेतला. "सुधीर, मुंबईत थंडी पडते का रे?"

"स्वेटर घालण्यासारखी नाही पडत."

"मग मी हे काहून नेऊन राहिली?"

ती मला टोमणा मारत नव्हती. तिला खरंच उत्तर हवं होतं. तेवढ्यात माझ्या फोनवर हिरवी खूण आली. पैसे गेले होते.

"हो गया सर," मुलगी म्हणाली आणि बॅगेला लावायची पट्टी घेऊन पुढे आली.

"बेटा, रहने दो," आत्या तिला म्हणाली. "मैं नहीं जा रही." आणि मला म्हणाली, "तू जा. तुझं ऑफिस आहे."

शेवटची हाक झाली. मी तिला समजावलं, डॉक्टरांचं सांगितलं, निखिलचं सांगितलं. ती ऐकत होती आणि एक एक कपडा परत बॅगेत भरत होती. मी विमानाकडे जाणाऱ्या दाराकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. काय करावं हे मी ठरवलं, असं मी म्हणणार नाही. ती बॅग उचलायला वाकली आणि गुडघ्यावर हात ठेवून अर्ध्यात थांबली. मी जाऊन बॅग उचलली. मग ती माझ्याच हातात होती, म्हणून मी तिच्यामागून चालायला लागलो.

आम्हाला बाहेर सोडायला तीच मुलगी आली. दारापाशी तिनं आत्याच्या पायाला हात लावला. का, ते मला माहीत नाही. विचारायला वेळ नव्हता.

भेडाघाट

घरी आल्यावर दुबेभाभी "अरे, वापस?" म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसत हसायला लागल्या. मी निखिलला निरोप पाठवला: आई घरी आहे, विमान चुकलं, बॅगेचा घोळ झाला, सकाळी बोलू. नातेवाइकांत जी गोष्ट पसरली ती या निरोपातून. मी खोटं लिहिलं नव्हतं. पण पूर्ण काय लिहायचं, तेही सुचलं नव्हतं.

सकाळी आत्यानं पदर खोचला आणि कुलूप शोधायला लागली. "इतका आला अन् भेडाघाट नाही पाहिला तर लोक काय म्हणतील?" रात्रीच्या गाडीचं माझं तिकीट मिळालं होतं; दिवस रिकामाच होता.

धुआँधारपाशी नर्मदा खडकावरून कोसळते तिथं पाण्याचा धूर होऊन अंगावर येतो. आत्या कठड्याला धरून उभी राहिली, चष्मा भिजवून घेतला, मग पुसायला माझ्याकडे दिला. बाजूच्या दुकानांत पांढऱ्या दगडाच्या मूर्ती, खलबत्ते, हत्ती. मी एक हत्ती हातात घेतला आणि मनात त्याला चौकटीत घालून बघितलं. ठेवून दिला.

नावेच्या घाटाच्या पायऱ्या आत्या बसत बसत उतरली. मी हात दिला तर म्हणाली, "एका बाजूनं धर, ओढू नको." एवढंच कळायला मला पाच दिवस लागले होते.

नाव संगमरवराच्या कड्यांमधून निघाली. दोन्ही बाजूंनी उंच, पांढरा, कुठं गुलाबी, कुठं काळसर दगड; आणि मध्ये हिरवं, गप्प पाणी. नावाडी वल्ही मारता मारता यमक जुळवून सांगत होता, "दाएँ देखिए हाथी बैठा, बाएँ देखिए साधू ऐंठा, आगे रस्ता बंद है भैया, बोलो किधर से जाए नैया?" पुढं खरंच सगळीकडून कडे मिटलेले दिसत होते. मी उजवीकडे बोट दाखवलं. नाव डावीकडे वळली. आत्या इतकी हसली की तिला खोकला आला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. निखिल.

"आईला दे."

मी फोन स्पीकरवर टाकून आत्याच्या हातात दिला. नावाड्यानं वल्ही थांबवली.

"आई, बॅगेचे पैसे मी भरले असते ना! एवढ्यासाठी कोणी विमान सोडतं?"

"पैसे भरले होते सुधीरनं," आत्या म्हणाली. "पैशाचं नाही."

"मग?"

"तू मला विचारलं नाही, निखिल."

आत्यानं फोन तोंडाजवळ घेतला. "मी पडली होती. खरं आहे. भीती वाटते मलाही. पण माझं घर बंद करून नको रे भीती घालवू. मागची खोली दे भाड्यानं. भाभीच्या ओळखीत एक नर्स आहे, जागा शोधून राहिली. रात्री घरात माणूस राहील. गुडघे इथंही दाखवता येतात."

"तिला स्वयंपाकघर वेगळं लागेल," निखिल म्हणाला. त्याचा आवाज नीट नव्हता.

"लागेल तर देऊ. तू रडून राहिला का?"

"नाही."

"जेवला?"

"हो. आई, हा पाण्याचा आवाज कशाचा? तू कुठं आहेस?"

"भेडाघाटला. नावेत."

निखिल म्हणाला, "सुधीरदादा, फोन ठेवू नकोस. नावाड्याला जरा बोलायला सांग ना. आम्ही लहानपणी दर रविवारी जायचो."

मी नावाड्याला सांगितलं, "कॅनडात आहे, इथलाच मुलगा." त्यानं "अच्छा!" म्हणून वल्ही उचलली, घसा साफ केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. हत्ती, साधू, सगळं. या वेळी जरा मोठ्यानं. मी हात लांब करून फोन त्याच्यापुढे धरला. दगडांतून त्याचाच आवाज उलटून येत होता. एका वळणानंतर पाहिलं तर पडद्यावर काहीच नव्हतं. रेंज गेली होती, की त्यानं ठेवला होता, की फोनच बंद पडला होता, मला कळेना. मी हात खाली घेऊ लागलो.

"धरून ठेव," आत्या म्हणाली. "ऐकून राहिला असेल."